साकवाच्या बावीस फळ्या

उंबरपाडा, वज्रेश्वरीजवळ
२० फेब्रुवारी १९७८

दामू,

खुशाली शेवटी लिहितो, आधी कामाचं. इकडं माणसं बरी हायत, तुझी मशीन बरी न्हाय.

संक्रांतीला तू तुझ्या मालकाच्या, केसरीनाथशेठच्या, लाकडाच्या वखारीतली ही चेनची करवत घेऊन आलास. अंगणात चालू केलीस, स्क्रू फिरवलास, "दादा, आता बघच" म्हणालास आणि संध्याकाळची एस.टी. धरून भिवंडीला गेलास. मी महिनाभर बघतोच हाय. ओहोळाकाठचं ऐनाचं झाड पाडलं, ओंडके केले, तिथवर तिनं तक्रार केली न्हाय. आडवं कापताना काकडी कापल्यागत जाते. पण ओंडका उभा चिरून फळी काढायला घेतली की हात-दीड हात जाते आणि तापते. नुसती गरम न्हाय, वर थुंकी टाकली तर चुर्र होते. चेन ज्या लोखंडी पट्टीवर फिरते ती पट्टी निळी पडली. मग धूर येतो, मग ती आपोआप मरते, आणि थंड होईस्तो कितीही दोरी ओढा, चालू म्हणून होत न्हाय. तोवर मी बिडी ओढत बसतो. दिवसाला एक फळी पडते, काल तीपण न्हाय.

दोन मोठे वासे नि बावीस फळ्या लागतात ओहोळावरच्या साकवाला. वासे झाले, फळ्या पाच झाल्या. मिरगाच्या आत साकव उभा राहिला न्हाय तर यंदाबी पावसाळाभर पलीकडचा पाडा तुटलेला. आपली मैना पलीकडं हाय, तुला सांगायला नको. आषाढात तिचे दिवस भरतात. दोन वर्षांमागं ओहोळ भरला होता आणि ती दोन दिवस तिकडंच अडकून पडली, दवाखाना अलीकडं. पोर हातचं गेलं. माहेरी आणून ठेवतो म्हटलं तर ऐकत न्हाय. सासू गोदूबाई अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून कशी येऊ म्हणते. तिचं बरोबर हाय. म्हणून साकव.

मशीनला काय झालं ते लिही. आय बरी हाय, तुझ्या बायजाला नि पोरांना विचारलं म्हणते.

विठू


कामतघर, भिवंडी
२६ फेब्रुवारी १९७८

विठूदादा, पायांवर डोकं. आयला सांग, तिचा दामू जाडा झालाय, म्हणजे ती निर्धास्त झोपेल.

तुझं पत्र वाचून बायजा म्हणाली, तुम्ही माग दुरुस्त करणारे, ही लाकडाची भानगड तुमच्याकडं कशाला? म्हटलं, जॉबर म्हणजे मशीनचा डॉक्टर, पेशंट कुठलाही असो. शेडमध्ये अठ्ठेचाळीस लूम मी सांभाळतो, एका करवतीचं काय घेऊन बसलीस. आता इथून बसून तुला सांगायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, पण हाकतो.

पहिलं, हवा. या मशीनला पाणी नसतं, ती वाऱ्यानं थंड होते. दोरीच्या बाजूचं झाकण चार स्क्रू काढून उघड. आत पंखा दिसेल. त्याच्यापुढं सिलिंडरला लोखंडाच्या पातळ चकत्या आहेत, एकावर एक, पोळ्या रचल्यासारख्या. त्यांच्यामधून वारा गेला पाहिजे. तिथं भुसा बसला असेल तर काडीनं टोकरून काढ. दुसरं, वरची हवेची जाळी. ती काढून पेट्रोलमध्ये धू. तिसरं, टाक्या दोन आहेत हे विसरू नको. एकीत पेट्रोल आणि त्यातच मिसळलेलं ऑईल, पाच लिटरला दोनशे मिली. दुसरीत नुसतं तेल, ते चेनवर गळतं. दुसरी टाकी पेट्रोलच्या टाकीबरोबरच संपली पाहिजे. संपत नसेल तर तेलाचं भोक बंद आहे.

एवढं कर. नाही निघालं तर माझं नाव बदल.

तुझा दामू


उंबरपाडा
६ मार्च १९७८

दामू,

नाव काय ठेवायचं ते कळव, तुझी वहिनी ठमा बारशाची तयारी करते.

झाकण उघडलं. आत भुसा होताच, पण त्याच्याखाली काय निघालं? कापूस. तुमच्या कामतघरचा कापूस, तेलात भिजून गोधडीसारखा जाड झालेला. शेठच्या वखारीतून आणल्यावर तू ती लूमच्या शेडमध्ये तीन महिने ठेवली होतीस न्हवं? तिथं उडणारी सगळी रुई तिनं नाकात ओढून घेतली. काडीनं काढता काढता माझी दुपार गेली. आय म्हणाली, ठेव बाजूला, दिव्याच्या वाती करते.

हवेच्या जाळीवर हळदकुंकू होतं. ते आपल्या घरचं. ठमा रोज सकाळी मशीनला हळदकुंकू वाहते, नेमकं त्या जाळीवर, कारण तिथं बोट बरोबर बसतं. तिला म्हटलं, अगं तिचं नाक हाय ते. तर म्हणते, नाकावर नको तर कपाळ कुठं हाय दाखवा. मी पट्टीचं टोक दाखवलं. आता तिथं लावते, चालू झाली की उडून जातं.

दोनशे मिली म्हणजे किती नवटाक? इथं दुकानात नवटाकाचंच माप हाय. मी दोन नवटाक घालतो, धूर जरा जास्त येतो पण कमी पडण्यापेक्षा बरं.

चेनच्या टाकीत तू दिलेलं लूमचं तेल होतं. पाण्यासारखं पातळ. चेनवर टिकतच न्हाय, उडून माझ्याच सदऱ्यावर येतं. ते काढून वाडा गावच्या ट्रकवाल्याकडचं जुनं काळं ऑईल घातलं. पट्टी आता कमी तापते.

तर एवढं सगळं केल्यावर दोन दिवस बरी चालली. तीन फळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी परत तोच धूर. फळ्या आठ.

विठू


कामतघर
१३ मार्च १९७८

विठूदादा,

रुईचं वाचून शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं. इथं आमच्या छातीत जेवढी जाते तेवढीच तिच्यात गेली, काय विशेष.

दोनशे म्हणजे पावणेदोन नवटाक. दोन घातलंस तरी चालेल, त्यानं तापत नाही. काळं ऑईल घातलंस ते एकदम करेक्ट, पातळ तेल देण्यात माझी चूक. माझ्या हाताशी तेच होतं.

आता चेनचे दात. बाहेर काय पडतं ते बघ. बारीक पीठ पडत असेल तर दात बोथट झालेत आणि मशीन कापत नाही, घासते. घासलं की तापणारच. चुऱ्याऐवजी छिलके पडले पाहिजेत. कानस घे आणि प्रत्येक दात सारख्याच वेळा घास. आणि हे दात आडव्या कापाचे आहेत, म्हणून तिरके घासलेले असतात. तुला उभं चिरायचंय, तर जवळजवळ सरळ घासायला लागतील, आपल्या जुन्या मोठ्या करवतीसारखे.

आणखी एक कर. चांगली तापवून मरू दे, आणि लगेच प्लग काढून त्याचा रंग बघ. काळा, चॉकलेटी की पांढरा, ते मला लिही. त्याच्यावर पुष्कळ अवलंबून आहे.

मैनाला सांग, मामा म्हणवून घ्यायला मी आतापासून नवीन सदरा शिवायला टाकलाय.

दामू


उंबरपाडा
२७ मार्च १९७८

दामू,

करवतीचे दात मला शिकवतोस? तू सात वर्षांचा असताना मी बाच्या हाताखाली कानस धरली. पण लिहिलंस ते खरं, माझ्या ध्यानात आलं न्हाय. चेन बघून मला वाटलं, ही इंग्रजी वस्तू, हिचं शास्त्र वेगळं असेल. शास्त्र तेच हाय. छपन्न दात सरळ घासले. आता छिलके पडतात, हातभर लांब सुद्धा. शिमग्याच्या आधी चार फळ्या झाल्या. बारा.

पण तापणं जात न्हाय. आता दीड हाताऐवजी चार हात जाते, मग तेच. मरायच्या आधी दम लागल्यासारखी होते, मी काढून घेतो, न्हाय तर अडकेल. प्लग काढला. पांढरा. पानाला लावायच्या चुन्यासारखा पांढराफेक.

म्हणून मधे चार दिवस मशीन ठेवली आणि आढ्यावरची जुनी मोठी करवत काढली. तू भिवंडीला गेलास तेव्हापासून ती टांगलेलीच. मैनाचा नवरा अनंता म्हणाला, मी येतो जोडीला. मी ओंडक्यावर, तो खाली खड्ड्यात. गडी जोराचा हाय, पण खाली उभं राहणं जोराचं काम न्हाय. डोळ्यांत भुसा पडतो म्हणून तो डोळे मिटतो, आणि डोळे मिटले की करवत भरकटते. दोन फळ्या काढल्या, दोन्ही म्हशीच्या शिंगासारख्या. बा तुला नेहमी खाली उभं करायचा, आठवतं? डोळे तूपण मिटायचास, पण रेघ सुटायची न्हाय. वरून मी हाक मारायच्या आत तू करवत सरळ करायचास. बा म्हणायचा, याचे डोळे कानात हायत. त्या वाकड्या फळ्या गोठ्याला लावल्या, हिशोबात धरल्या न्हाय.

दहा राहिल्या. दामू, तूच ये. दोन दिवसांचं काम हाय. तू हात लावलास की होईल.

विठू


कामतघर
४ एप्रिल १९७८

विठूदादा,

पांढरा प्लग म्हणजे मशीनला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळतेय. कमी पेट्रोलवर पळते, म्हणून तापते. हवा कुठून आत घुसतेय ते बघ. कार्बोरेटरचे दोन नट घट्ट कर. पेट्रोलची नळी चिरली असेल तर बदल. टाकीच्या झाकणाचं बारीक भोक मोकळं कर.

मला येता येत नाही. एक जॉबर मुलुखाला गेलाय, त्याची शिफ्ट माझ्या गळ्यात आहे. त्यात बायजाच्या भावाचं लग्न. त्यात पोरांच्या परीक्षा. शुक्रवारी शेड बंद असते पण शेठ त्याच दिवशी लूमची सफाई काढतो. खाडा केला तर उद्या दुसरा माणूस उभा. तू समजून घे.

एक लिही. मशीन मोकळी फिरते तेव्हा आवाज कसा येतो आणि लाकडात घातल्यावर कसा. नीट ऐकून, जमेल तेवढं खुलासेवार लिही.

दामू


उंबरपाडा
१५ एप्रिल १९७८

दामू,

नट घट्ट होते. नळी चांगली हाय. भोक मोकळं हाय. फरक शून्य.

आवाज लिहू म्हणतोस. आवाज काय कागदावर येतो? तू ऐकलास न्हवं तो संक्रांतीला? अंगणात तू स्क्रू पिळत होतास तेव्हाच मी म्हणालो, "दामू, ही किंचाळतेय." तू माझ्याकडं बघून हसलास आणि मान डोलावलीस, जसं काय मी तुझी तारीफ केली. तीच किंचाळी आजबी हाय. मोकळी फिरते तेव्हा बारीक, उंच, डास कानाशी आल्यागत. लाकडात घातली की आणखी चढते आणि मग मरते. पाड्यातली कुत्री पळून जातात. घे, लिहिला.

तीन फळ्या झाल्या, पंधरा. सात राहिल्या आणि मशीनच्या सिलिंडरातून आता खरखर येते. हिला आणखी चालवली तर कायमची बसेल असं मला वाटतं, आणि शेठची वस्तू हाय. म्हणून थांबवली.

तुझ्या पत्रातली कारणं मी आयला वाचून दाखवली. ती काय बोलली न्हाय. मी बोलतो. लग्न, परीक्षा, सफाई. तुला बहिणीपेक्षा शेठचे माग मोठे झाले. गेल्या दोन वर्षांत तू गावाला तीनदा आलास, तिन्ही वेळा धड दोन शब्द बोलला न्हाईस. काही विचारलं की हसतोस. आय म्हणते शहरात माणूस बदलतो. मी म्हणायचो, आपला दामू न्हाय बदलायचा. मैना काल ओहोळाकाठी फळ्यांचा ढीग बघून गेली. मोजल्या तिनं.

येणार नसशील तर तसं साफ लिही. मी वाड्याला जाऊन दुसरा कारागीर शोधतो.

विठू


कामतघर
२४ एप्रिल १९७८

विठूदादा,

हे पत्र मोठ्यानं वाचू नकोस. आपल्या अंगणात पत्र वाचताना शेठच्या तिकडच्या जमिनीवर राबणारा लडकू येऊन बसतो आणि ऐकलेलं शेठपर्यंत पोचवतो हे मला माहीत आहे. ओहोळावर जा आणि एकटा वाच.

मला ऐकू येत नाही.

लिहिलं एकदाचं. बायजा समोर बसलीय, तिनंच पेन हातात दिलं. म्हणाली, तुम्ही लिहिता की मी लिहू. डावा कान पार गेलाय. उजव्यानं कुणी जवळ येऊन ओरडलं तर काहीतरी येतं, पण शब्द वेगळे होत नाहीत, सगळा गोळा येतो. एका दिवसात नाही झालं. बारा वर्षं लूममध्ये आहे, आधी संध्याकाळी घरी आल्यावर कानात शिट्टी वाजायची, सकाळी जायची. मग ती जायची बंद झाली. मग तिच्यामागचे आवाज जायला लागले. पोरांचा आधी गेला, बारीक असतो म्हणून.

शेडमध्ये कुणाला कळलं नाही कारण तिथं कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. आम्ही सगळे ओठांवर नि हातांवर बोलतो. पण जॉबरचं काम कानाचं. धोट्याचा ठोका बदलला की माग मोडायच्या आधी जॉबरला कळलं पाहिजे. मी आता पंजा ठेवून ओळखतो. लोखंडाला हात लावला की बोटांत कळतं. आजवर निभावलं. शेठला कळलं की बहिरा जॉबर त्याला कशाला हवाय?

संक्रांतीला मशीनचा तो स्क्रू मी असाच हातानं लावला. हातात तिची थरथर बारीक लागली, मला वाटलं झकास पळतेय. तू काहीतरी म्हणालास. तुझ्या मिशांमुळं तुझे ओठ मला वाचता येत नाहीत दादा. मला वाटलं खूश झालास, म्हणून हसलो. तू "किंचाळतेय" म्हणालास हे मला तुझ्या पत्रातून कळलं. दोन महिने तुला कापूस काढायला लावला, दात घासायला लावले. ते सगळं खोटं नव्हतं, त्यानंही तापतच होती. पण मूळ दुखणं माझ्या हातचं आहे. पांढऱ्या प्लगचं वाचलं तेव्हाच मी समजलो होतो आणि तरी नळीचं नि नटांचं लिहिलं. कारण स्क्रू म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, तू कानानं लावलास ना, मग चुकला कसा?

आता ऐक. कार्बोरेटरच्या बाजूला दोन स्क्रू आहेत, त्यातला वरचा. तो अर्धा फेरा डावीकडं सोड. मोकळी फिरताना ती किंचाळता कामा नये. जरा अडखळत, घुरघुरत फिरली पाहिजे, आणि लाकडात गेली की घुरघुर जाऊन साफ आवाज आला पाहिजे. त्या दोन आवाजांच्या मधे तिची जागा आहे. मला ती शोधता येणार नाही. तुला येईल.

बहिणीचं लिहिलंस ते चार वेळा वाचलं. राग नाही आला. तू जे बघितलंस त्यावरून दुसरं काय लिहिणार.

दामू


उंबरपाडा
३० एप्रिल १९७८

दामू,

"हे पत्र मोठ्यानं वाचू नकोस" हे मी मोठ्यानंच वाचलं. काय करू, मला मनात वाचता येत न्हाय, ओठ हलवल्याबिगर अक्षर लागत न्हाय. आय, ठमा, लडकू, सगळे बसलेले. सगळ्यांनी कान टवकारले. मी कागद दुमडला आणि म्हणालो, बायजाच्या माहेरची काही नाजूक भानगड हाय. मग ओहोळावर गेलो. बायजाला म्हणावं, माफ कर, तुझ्या माहेरावर बालंट आणलं.

तिथं बसून सगळं वाचलं. मग परत वाचलं. मी तुला जे लिहिलं ते लिहायला नको होतं. मला लाज वाटली. एवढंच लिहितो, यावर जास्त लिहायला मला जमत न्हाय.

आयला सांगितलं. ती म्हणाली, मला ठाऊक हाय. मागून हाक मारली तर तो वळत न्हाय, हे आईला कळणार न्हाय तर कुणाला. बोलली का न्हाईस म्हटलं, तर म्हणते, तो लपवत होता तर मी कशाला उघडं करू.

स्क्रू अर्धा फेरा सोडला. मशीन गुदमरून बंद पडली, प्लग ओला झाला. जरा आवळला तर किंचाळायला लागली. मला आवाज कळतो पण हात कळत न्हाय. केवढं फिरवलं की केवढं होतं ते तुझ्या बोटांना ठाऊक. माझी बोटं कुऱ्हाडीची.

म्हणून तू ये. हात तुझा, कान माझा. आणि येताना बहाणे करू नकोस, मी मिशा काढल्या हायत. ठमा अजून माझ्याकडं बघून हसते.

विठू


कामतघर
२२ मे १९७८

विठूदादा,

गावाहून परत पोचलो. एस.टी.त जागा मिळाली. धामणकर नाक्यावर उतरलो तर रिक्षावाला मागून ओरडत होता, बायजानं ओढलं म्हणून वाचलो. आता सगळं उघड झालंय तर ती हात धरून चालते, बरं पडतं; आधी मी उगाच कुठल्या कुठं बघत चालायचो.

तिथं असताना तुला एक बोललो नाही. पहिल्या दिवशी तू समोर येऊन म्हणालास, दाबलं की आवाज चढला, उचललं की उतरला, आणि माझ्यामागं उभा राहून खांद्यावर हात ठेवलास. मी स्क्रू फिरवत होतो, तू दाबत-उचलत होतास. तिसऱ्या खेपेला तू हात नुसता ठेवलास, ना दाबलास ना उचललास, आणि मी थांबलो. तेव्हा मला आवाज आला नाही, पण आवाज कसा असेल ते कळलं. गेल्या पाच-सहा वर्षांत एवढं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. दोन दिवसांत सात फळ्या झाल्या आणि मशीन एकदा मेली नाही, त्याचं मला काही वाटत नाही. या खांद्याचं वाटतं.

आता इथलं. मी शेठला स्वतः जाऊन सांगितलं. लडकूच्या तोंडून कळण्यापेक्षा ते बरं. शेठ वाईट माणूस नाही. खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि कागदावर लिहून दिलं की आता जॉबरचं काम दुसऱ्याला. मला बॉबिन भरायच्या मशीनवर टाकलंय. तिथं सगळ्या बायका आहेत. त्या माझ्याबद्दल काहीतरी बोलून खिदळतात. ऐकू येत नाही म्हणून मीपण खिदळतो. पहिल्या दिवशी संडासात जाऊन रडलो. आता सवय होतेय. जुना जॉबर म्हणून पोरं अजून येतात, माग दाखवायला नेतात, मी पंजा ठेवतो आणि सांगतो. शेठ बघून न बघितल्यासारखं करतो.

फळ्या बसवताना खिळे ओलवून मार, ऐनाचं लाकूड फुटतं. साकव झाला की कळव.

दामू


उंबरपाडा
२२ जुलै १९७८

दामू,

उशिरा लिहितो कारण एका पत्रात सगळं सांगायचं होतं.

साकव मिरगाच्या आधी चार दिवस उभा राहिला. पलीकडच्या वीस घरांनी मिळून नारळ फोडला. मशीन पुसून, तेल घालून शेठच्या वखारीत पाठवली. ठमानं निरोप देताना तिची ओटी भरली.

परवा सकाळी मैनाला कळा सुरू झाल्या. आदल्या दिवशीपासून पाऊस, ओहोळ दोन्ही काठांना लागलेला, साकवाखाली हातभर जागा राहिलेली. मी आणि अनंता आणि आणखी दोघं चादरीची डोली करून निघालो. साकवाच्या तोंडाशी आल्यावर ती म्हणाली, खाली ठेवा, मी चालत जाणार. आम्ही चौघं तिच्यावर ओरडलो. ती ऐकेना. अनंताचा हात धरून, थांबत थांबत, पायाखालच्या फळ्या मोजत आली. मोठ्यानं मोजत होती. मी मागं होतो, दोन्ही हात पसरून, जसं काय तोल गेला तर मी ओहोळाला धरणार होतो. बावीस म्हणाली आणि मग काठावर बसली, आणि तिथनं पुढं डोलीत घातली.

दुपारी बाराच्या सुमाराला मुलगी झाली. दोघी चांगल्या हायत. गोदूबाईला निरोप धाडला, तर ती अंथरुणात उठून बसली म्हणतात.

दवाखान्यातली बाई म्हणाली, एवढा मोठा आवाज या खोलीत अजून कुणी काढला नव्हता. रस्त्यापर्यंत ऐकू येत होता, मी बाहेर उभा होतो. मी तिथं उभा राहून रडलो दामू, आणि मिशा न्हाईत त्यामुळं सगळ्यांना दिसलं.

नवीन सदरा घालून ये. मैना म्हणते, तिला आधी मामाच्या हातात देणार, तोवर बारसं न्हाय. उजव्या कानाशी धर तिला. ऐकू न्हाय आलं तर मला सांग, मी खांद्यावर हात ठेवतो.

विठू